फोन त्याचा, ओटीपी वडिलांचा

बौद्धिक अक्षमता असलेला पस्तिशीचा मुलगा ज्या घरात आहे, तिथे विचारून पाहा, हा मोबाइल वापरतो का? आई कौतुकाने सांगते, 'वापरतो म्हणजे काय! यूट्यूब स्वतःचं स्वतः लावतो. हवं ते गाणं बोलून शोधतो. मला येत नाही एवढं त्याला येतं.' आता पुढचं विचारा. त्याचं बँकेत खातं आहे ना? मग पिन त्याला माहीत आहे का? तीच आई म्हणते, 'छे हो, त्याला काय कळतंय त्यातलं!'

एकाच माणसाबद्दलची ही दोन वाक्यं लागोपाठ येतात आणि त्यांतली विसंगती घरात कोणालाच बोचत नाही. हवं ते गाणं शोधणं हे काही सोपं काम नव्हे. चिन्ह ओळखायचं, माइक दाबायचा, स्पष्ट बोलायचं, समोर आलेल्या चित्रांतलं नेमकं निवडायचं, चुकलं तर मागे यायचं. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. गाणं हवं होतं म्हणून तो शिकला. पैशाचं, प्रवासाचं, ओळखपत्राचं शिकायची वेळ आली की मात्र आपण सगळे मिळून त्याला अजाण ठरवतो. शिकवायची टाळाटाळ आपली, आणि न येण्याचा शिक्का त्याच्या कपाळावर.

शिकवलं जातच नाही असं नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की विशेष शाळा संपते आणि पुढे नशीब असेल तर कार्यशाळा मिळते. पणत्या, उटणं, कागदी पिशव्या, फाइली. अशा कित्येक ठिकाणी देणगीतून आलेले संगणक असतात. उद्घाटन होतं, फोटो निघतो, आणि मग त्या खोलीत वर्षानुवर्षं पेंटमध्ये घर आणि झाड काढायला शिकवतात. फार तर स्वतःचं नाव टाइप करायला. पस्तीस वर्षांच्या माणसाला पेंटमधलं झाड कशाला हवं आहे? त्याला बहिणीला व्हिडिओ कॉल लावायचा आहे. क्रिकेटचा स्कोअर बघायचा आहे. आपल्या पगाराचे पैसे जमा झाले का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. त्या खोलीत यातलं काहीच शिकवलं जात नाही, कारण यातलं काहीच संगणकाच्या टेबलावर घडत नाही. ते त्याच्या खिशातल्या फोनवर घडतं, आणि तो फोन कार्यशाळेत शिरताना शिकवणाऱ्या ताईंकडे जमा करावा लागतो.

यात या ताईंना दोष देऊन भागणार नाही. तुटपुंज्या मानधनावर, हाताखाली डझनावारी प्रशिक्षणार्थी घेऊन त्या काम करतात. दोष आखणाऱ्यांचा आहे.

आखणाऱ्यांचा नमुना बघायचा तर केंद्र सरकारचं ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान घ्या. 2017 मध्ये ते मंजूर झालं, सहा कोटी ग्रामीण कुटुंबांसाठी. वय 14 ते 60, घरटी एक माणूस, 20 तासांचं प्रशिक्षण आणि शेवटी ऑनलाइन परीक्षा. दिव्यांगांना प्राधान्य असं त्यात लिहिलेलं होतं. पण घरटी एकच जागा असेल तर घर कोणाला पाठवणार? कॉलेज सोडलेल्या धाकट्याला पाठवणार, सुनेला पाठवणार. ज्याला 'काही कळत नाही' असं घरानेच ठरवलं आहे त्याला नाही पाठवणार. आणि पाठवलंच, तरी 20 तासांत त्याचं काय होणार? एक बटण पक्कं व्हायला ज्याला महिना लागतो, त्याच्यासाठी 20 तास म्हणजे नुसती तोंडओळख. आपल्या राज्यात 2001 पासून एमएस-सीआयटीच्या पिढ्यानपिढ्या बाहेर पडल्या. संगणक शिकणं म्हणजे परीक्षा आणि प्रमाणपत्र, हे आपल्या डोक्यात तेव्हापासून घट्ट बसलं आहे. इथे प्रमाणपत्राचा काडीचा उपयोग नाही. चहाचे पैसे देता आले का, एवढंच विचारायचं आहे.

ते देता येतात. कसे, ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एका कार्यशाळेतल्या ताईंनी एका प्रशिक्षणार्थ्याला क्यूआर स्कॅन करून पैसे द्यायला शिकवलं. वय तिशीच्या पुढे, अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे ओळखतो. ताईंनी सुरुवात शेवटाकडून केली. पहिले कितीतरी दिवस सगळं त्या करायच्या आणि त्याने फक्त एकच करायचं. पडद्यावर बरोबरची हिरवी खूण आली की फोन चहावाल्याला दाखवायचा आणि 'झाले' म्हणायचं. व्यवहार पूर्ण करण्याचा मान पहिल्या दिवसापासून त्याचा. ते पक्कं झाल्यावर त्याआधीची पायरी, पिन. मग त्याआधीची, रक्कम. सगळ्यात शेवटी फोन उघडून अ‍ॅपचं चिन्ह शोधणं. विशेष शिक्षणात ही जुनी, नावाजलेली रीत आहे. काम लहान तुकड्यांत तोडायचं आणि शेवटच्या तुकड्यापासून मागे मागे यायचं. म्हणजे शिकणाऱ्याच्या वाट्याला दर वेळी यशच येतं, अर्धवट सोडलेलं काम कधी येत नाही.

रक्कम टाकताना खरी गंमत कळली. दहाच्या जागी शंभर होणं ही एका शून्याची चूक. आकडे ओळखणाऱ्या माणसालाही 10 आणि 100 यांतला फरक घाईत दिसत नाही. ताईंनी पुठ्ठ्याचं एक कार्ड केलं, त्यावर मोठ्या अक्षरांत 10. फोनशेजारी ते ठेवायचं, आकडे एकेक करून जुळवायचे, मोठ्याने म्हणायचे, 'एक. शून्य. संपलं.' मगच पुढचं बटण. चहाचं कार्ड वेगळं, वडापावचं वेगळं. कार्डं त्याच्या शर्टाच्या खिशात. पुढे एक दिवस चहावाल्याने चहाचा भाव वाढवला, आणि याने कार्ड दाखवून त्याच्याशी वाद घातला. ताईंना त्या दिवशी झालेला आनंद मी पाहिला आहे. ज्याच्या हातात पैसा नसतो तो भावावरून भांडत नाही.

अडथळेही जवळून दिसले. कार्यशाळेजवळच्या टपरीवर जमणारं काम चौकातल्या किराणा दुकानात जमेना. तिथला क्यूआर उंचावर टांगलेला आणि काचेवर ऊन. त्याला वाटलं, हे वेगळंच काहीतरी आहे. म्हणून सराव वर्गात करून भागत नाही, तो ज्या दुकानांत जाणार आहे त्याच दुकानांत करावा लागतो. आणि सगळं बसल्यावर एके सकाळी अ‍ॅपने पहिल्या पानाची मांडणी बदलली. स्कॅनचं बटण सरकलं. तुम्ही-आम्ही दोन सेकंद चिडतो आणि शोधून काढतो. त्याचे कित्येक आठवडे वाया गेले. हे बदल करणाऱ्या कंपन्यांच्या खोल्यांत या माणसाचा विचार करणारं कोणी बसलेलं असतं का? नसतं, असंच त्या पडद्यांकडे बघून म्हणावं लागतं.

जगात हा विचार झालेला आहे. वेबसाइटी सुलभ कशा असाव्यात याचे जागतिक निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ऑक्टोबर 2023 मध्ये नवी आवृत्ती काढली. तिच्यात स्पष्ट आहे की लॉगिन करताना माणसाच्या स्मरणशक्तीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा घेऊ नका, आणि घेत असाल तर दुसरी वाट खुली ठेवा. अ‍ॅपलने त्याच वर्षी आयफोनमध्ये मोठ्या बटणांची, मोजक्याच अ‍ॅप्सची एक सोपी मांडणी आणली, खास बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांसाठी. पण आयफोन परवडणारी घरं किती? आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अ‍ॅप तयार झालं, ते मराठीतही आहे आणि फुकट आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी ते वरदान आहे. मग आपल्या सरकारी संकेतस्थळांवर अजून वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला का लावता? ओटीपीचं घड्याळ इतक्या लवकर का संपतं? सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि केवायसीबाबत, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याबाबत, 20 निर्देश दिले. याचिका होत्या अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांच्या आणि दृष्टिहीनांच्या. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा म्हणणाऱ्या यंत्रणेने त्यांना बाहेर ठेवलं होतं. त्यांनी लढून वाट काढली. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या वतीने असं कोण लढणार? पालक. आणि पालकांनीच तर पिन लपवून ठेवला आहे.

पालकांची भीती खोटी नाही. ती हसण्यावारी नेणाऱ्या तज्ज्ञांचा मला राग येतो. भोळ्या माणसाला लुटणारे, गोड बोलून फोटो मागणारे, मैत्रीच्या नावाखाली पैसे उकळणारे फोनमध्ये बसलेलेच आहेत. पण या भीतीवर घरांनी काढलेला उपाय म्हणजे काहीच न शिकवणं, आणि तो उपाय त्याला आणखी उघडं पाडतो. फोन तर त्याच्या हातात आहेच. रील्स आहेत, व्हॉट्सअ‍ॅप आहे, अनोळखी मेसेज येत आहेत. फक्त काय करायचं ते सांगितलेलं नाही.

सांगता येतं, आणि थोडक्यात सांगता येतं. पिन पैसे देण्यासाठी असतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. हे एक वाक्य रोज म्हणायला लावा, चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी. पैसे मिळणार आहेत, पिन टाका असं कोणी म्हणालं की फोन खाली ठेवायचा. अंगावर कपडे नसलेला फोटो कोणालाही पाठवायचा नाही, कोणी मागितला तर ताईंना दाखवायचं, आणि दाखवल्यावर ताईंनी ओरडायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कारण ओरडा पडला की पुढच्या वेळी तो लपवतो, आणि लपवलेल्या गोष्टीतच घात होतो. प्रौढ माणसाला प्रेम करावंसं वाटतं, मैत्रीण हवीशी वाटते, ही गोष्टही बोलावी लागेल. त्याविषयी घर आणि संस्था गप्प राहिल्या, तर त्याच्याशी बोलायला अनोळखी नंबर तयारच आहे. फसवणूक झालीच तर 1930. हा आकडा त्याच्या फोनमध्ये फोटोच्या चिन्हासह सेव्ह हवा.

धोका आवरायची साधनंही आहेत. यूपीआय लाइटमध्ये 5,000 पेक्षा जास्त रुपये राहूच शकत नाहीत, एका वेळी 1,000 पेक्षा जास्त जात नाहीत आणि पिन लागत नाही. तुम्ही त्यात 200 रुपयेच ठेवा. फार तर 200 जातील. एवढं नुकसान तुमच्या-माझ्या हातूनही होतं. ऑगस्ट 2024 मध्ये यूपीआय सर्कल आलं. त्यात मुख्य खातेदार आपल्या विश्वासातल्या माणसाला स्वतःच्या खात्यातून खर्चाची मुभा देतो. पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला 15,000 आणि एका वेळी 5,000 ही कमाल मर्यादा. अर्धी मुभा दिली तर प्रत्येक खर्चाला मुख्य खातेदाराचा होकार लागतो. मुलगा दुकानात उभा राहून स्कॅन करतो, आईच्या फोनवर विचारणा येते, ती हो म्हणते. आमच्या पालकांना हे माहीतच नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेलं नाही. आणि यंत्रणा मनात आणेल तर स्वतःच बदलते. अनोळखी माणसाने यूपीआयवर पैशांची मागणी पाठवून फसवायचं, हा प्रकार फार वाढला, तेव्हा व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवायची सोयच 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली. त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला.

सगळ्यांना सगळं जमेल, असं मी म्हणत नाही. कोणी यूपीआयपर्यंत पोहोचेल, कोणी आईच्या फोटोवर बोट ठेवून कॉल लावण्यापर्यंत. पण कोण कुठवर जाईल हे शिकवल्यावर कळतं, आधी नाही.

कायदा काय म्हणतो तेही एकदा बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, कलम 13. आपले आर्थिक व्यवहार स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आहे. कलम 14 म्हणतं, पालकत्व द्यायची वेळ आली तर ते मर्यादित असावं आणि निर्णय दोघांनी मिळून, परस्पर विश्वासाने घ्यावेत. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. मी गेलो होतो त्या एका बँकेच्या शाखेत मात्र अधिकारी ठामपणे म्हणाले, 'अशा खात्याला एटीएम कार्ड मिळत नाही, मोबाइल बँकिंग नाही.' कोणत्या नियमाखाली, असं विचारल्यावर उत्तर, 'आमच्याकडे असंच करतात.' दिल्लीनेही गोंधळ वाढवलाच आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ज्याला कायदेशीर पालक नेमलेला आहे अशा दिव्यांग प्रौढाला अठरा वर्षांखालच्या मुलाच्या रांगेत बसवलं. त्याची माहिती वापरायची तर संमती पालकाची घ्या. म्हणजे 2016 चा कायदा म्हणतो मिळून ठरवा आणि 2023 चा म्हणतो त्याला विचारूच नका. अशा चाळिशीच्या माणसाने साधं एक अ‍ॅप घ्यायचं तर त्याच्या होकाराला किंमत नाही. हे चूक आहे आणि ते दुरुस्त झालं पाहिजे.

आता मथळ्यातल्या गोष्टीकडे येतो. पालकांच्या मनात अहोरात्र घोळणारा प्रश्न एकच असतो, आमच्यानंतर याचं कोण? याच प्रश्नातून महाराष्ट्रात संस्था उभ्या राहिल्या. बदलापूरचं 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीतलं 'घरकुल', मुळशीतलं 'साधना व्हिलेज'. पालक आणि कार्यकर्त्यांनी आयुष्य ओतून प्रौढांसाठी घरं बांधली. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. ज्यांना अशी जागा मिळत नाही ते ठेवी करतात, ट्रस्ट करतात, राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेतात, भाचा-पुतण्याला हात जोडून सांगून ठेवतात. सगळी तयारी होते. एक गोष्ट राहते.

त्याच्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा? वडिलांचा. बँक खात्याला? वडिलांचा. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राला, रेशनला, निरामय आरोग्य विम्याला? वडिलांचा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मानधन 2025 मध्ये 1,500 वरून 2,500 रुपये झालं. ते थेट खात्यात येतं, म्हणजे पुन्हा आधार आणि पुन्हा बँक. प्रत्येक दाराची किल्ली सहा आकडी ओटीपी आणि तो येतो वडिलांच्या फोनवर. वडील जातात. दिवस-कार्य होतात. काही महिन्यांनी रिचार्ज संपतं, सिम बंद पडतं. आणि त्या दिवशी सरकारदरबारी हा माणूसच बंद पडतो. खात्यात पैसे असतात, मानधन येत असतं, पण कोणतंही दार उघडत नाही. बहीण रजा टाकून तालुक्याला खेपा घालते. ज्याचे पैसे आहेत तो घरात बसून असतो, आणि त्याला काय अडलंय हे सांगण्याइतकंही कोणी शिकवलेलं नसतं. हे मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे.

2011 च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेले 15 लाख लोक नोंदले गेले. त्यातले प्रौढ आज म्हातारपणाकडे चालले आहेत आणि त्यांचे आईवडील त्यांच्याही पुढे. महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. त्या विभागाकडे माझी मागणी साधी आहे. प्रौढांच्या प्रत्येक अनुदानित कार्यशाळेत फोन शिकवणारा एक पूर्णवेळ माणूस द्या. 20 तासांचा कार्यक्रम नको, कायमचं पद द्या, कारण अ‍ॅप्स बदलत राहणार आणि शिकवणंही चालूच ठेवावं लागणार. पेंटचे तास बंद करा. फोन जमा करून घेणं बंद करा. दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉलवर क्यूआर लावता ना, मग पैसे आल्याचा साउंडबॉक्सचा आवाज ऐकून रक्कम किमतीच्या कार्डाशी जुळवायचं काम ज्यांनी उटणं भरलं त्यांच्याकडे सोपवा. आणि बँकांना लेखी कळवा की 'आमच्याकडे असंच करतात' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

दुकानदारांनाही एक विनंती. असा ग्राहक समोर फोन धरून उभा राहिला तर मागची रांग थोडी थांबू द्या. 'दे इकडे, मी करतो' म्हणत फोन त्याच्या हातातून काढून घेऊ नका. तुमच्या मदतीने त्याचे महिन्यांचे कष्ट मातीत जातात, आणि दुसऱ्या कोणी असाच फोन मागितला तर तो निमूटपणे देऊन टाकतो.

आणि आईवडिलांनो, सरकारची वाट बघू नका. याच महिन्यात मुलाच्या, मुलीच्या नावावर वेगळं सिम घ्या. आधार केंद्रावर त्याला स्वतःला घेऊन जा आणि तो क्रमांक जोडून घ्या, मग बँकेत, मग यूडीआयडीला. ओटीपी आला की सुरुवातीला दोघं मिळून वाचा. आकडे त्याला म्हणू द्या, बोट त्याला ठेवू द्या. तुम्ही आहात तोवर हे करा, कारण चुकलं तर सावरायला तुम्ही आहात. नंतर शिकवायला कोणी येणार नाही.